पाचशेवर एक

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५. गुरुदत्त उकिडवे यांच्या कोटाच्या आतल्या खिशात पाचशे एक डॉलर होते. शंभराच्या पाच नोटा आणि एकाची एक, सगळ्या कोऱ्या. पाकिटावर त्यांच्या पत्नी रत्नाताईंनी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. सख्ख्या भाच्याच्या लग्नात उकिडव्यांनी दोनशे एक्कावन्न दिले होते आणि त्यावरही आठवडाभर विचार केला होता. त्यामुळे आजचं पाकीट खिशात गेल्यापासून आपण जरा जास्तच उदार झालो, असं गुरुदत्तरावांना वाटत होतं. गाडी चालवता चालवता त्यांनी दोनदा छातीवर हात नेला.

"दुखतंय का?" रत्नाताईंनी विचारलं.

"नाही. पाकीट आहे."

"म्हणजे दुखतंयच." मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पितृपक्षात लग्न! कुणी ऐकलं तर काय म्हणेल?"

"त्यांचे पितर सर्बियात आहेत. त्यांना आपली पंचांगं लागू नाहीत."

लग्न होतं शेजारच्या ब्रांकोच्या मुलाचं, नेमान्याचं. आणि गुरुदत्तराव तिथे नुसते पाहुणे नव्हते. ते 'कुम' होते. कुम म्हणजे लग्नात नवरदेवाच्या पाठीशी उभा राहणारा मानाचा माणूस. तो साक्षीदार, आणि त्या दिवसापासून जन्मभर त्या घराचा नातेवाईक. अकोल्याच्या एका एम.कॉम. झालेल्या कॉस्ट अकाउंटंटला हा मान कसा मिळाला, ते आधी सांगायला हवं.

गुरुदत्तराव बासष्ट वर्षांचे. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात ते चोवीस वर्षं एकाच घरात राहतात आणि हृदयाच्या झडपा बनवणाऱ्या एका कंपनीत झडपेमागे किती खर्च येतो ते काढतात. दोन वर्षांनी निवृत्ती. थंडीचा कोट सतरा वर्षांपूर्वीचा, त्याची चेन तीनदा बदललेली. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकमध्ये. मराठी मंडळाचे ते चौदा वर्षं खजिनदार आहेत, कारण त्यांच्या काळात मंडळाला कधी तूट आली नाही आणि दुसऱ्या कुणाच्या काळात पुरणपोळ्या कधी पुरल्या नाहीत. वडील पोस्टात होते. घरी स्कूटरसाठी नाव नोंदवलं तेव्हा गुरुदत्त चौथीत होता. स्कूटर आली तेव्हा तो कॉलेजात होता. एवढी वर्षं वाट पाहिलेली वस्तू माणूस वापरत नाही, जपतो. वडिलांनी ती स्कूटर पावसात कधी बाहेर काढली नाही.

त्यांच्या डाव्या हाताला ब्रांकोचं घर. ब्रांको सर्बियातल्या नीश शहरातून आलेला, आता चोपन्न वर्षांचा, चार ट्रकांचा मालक. त्याच्याही वडिलांनी गाडीसाठी पैसे साठवले होते, एकोणीस वर्षं. मग त्र्याण्णव साली तिकडे महागाईचा असा वणवा पेटला की सकाळच्या पगारात संध्याकाळी पाव येईना. एकोणीस वर्षांच्या ठेवीत शेवटी बारा अंडी आली, आणि त्यातलं एक फुटकं निघालं. ब्रांको तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याने त्या अंड्यांवरून जन्माचा धडा घेतला.

"गुरू, पैसा म्हणजे बर्फ," तो म्हणायचा. "धरून ठेवलास तर हात ओला होतो, बाकी काही राहत नाही."

"हे मिनेसोटा आहे," गुरुदत्तराव म्हणायचे. "इथे बर्फ पाच महिने वितळत नाही."

म्हणजे दोघंही मुळात रांगेतलेच. रांग सुटल्यावर एक जण दुकानाकडे धावला आणि दुसरा बँकेकडे, एवढाच फरक. ब्रांकोच्या दारात नव्वद हजारांची काळी गाडी उभी असे. अंगणात कारंजं होतं आणि कारंज्याला दोन संगमरवरी सिंह. नोव्हेंबर ते मार्च ते सिंह बर्फात पुरलेले असत, फक्त नाकं वर. दिवाणखान्यात इटलीहून मागवलेला पांढरा सोफा होता. त्यावर मात्र ब्रांकोच्या आईने, देसांका आजीने, जाड प्लास्टिक चढवलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची ही म्हातारी. तिच्या शोकेसमध्ये परदेशी बिअरचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते, खास नीशहून बरोबर आणलेले. त्या काळी परदेशी डबा घरात असणं हीच श्रीमंती. आत बिअर असण्याची गरज नव्हती. रत्नाताईंनी पहिल्यांदा ते शोकेस पाहिलं तेव्हा त्यांना आपल्या आईचं कपाट आठवलं. त्यात दुबईच्या साबणाचा वास उडून गेलेला खोका बारा वर्षं होता.

"ही बाई आपल्यातली आहे," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

पण नातं जुळलं ते वरणभातामुळे. वीस वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत, उणे पंचवीसच्या थंडीत, नऊ वर्षांचा नेमान्या शाळेतून आला आणि किल्ली हरवल्याने स्वतःच्या दारात उभा राहिला. आईबाप दोघेही कामावर. रत्नाताईंनी त्याला ओढून आत आणलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि पुढ्यात वरणभात-तूप ठेवलं. पोराने तीनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी किल्ली खिशात असताना तो परत आला. पुढचे चार हिवाळे शाळा सुटली की तो उकिडव्यांच्या टेबलावर त्यांच्या मुलीशेजारी, राधिकाशेजारी बसून अभ्यास करायचा. गुरुदत्तरावांनी त्याला व्याजाचं गणित शिकवलं. तो त्यांना 'गुरुकाका' म्हणायचा आणि आजही, एकोणतिसाव्या वर्षी, त्याला मराठीतली साधारण चाळीस वाक्यं येतात, त्यातली तीस जेवणाबद्दल आहेत.

एप्रिलमध्ये ब्रांको कोट घालून, रंगीत लाकडी बुधल्यात आलुबुखाराची दारू घेऊन दारात आला. मागे नेमान्या.

"गुरू, माझा मुलगा लग्न करतोय. तू त्याचा कुम हो. आमच्यात याला नाही म्हणत नाहीत."

"मला काय करावं लागेल?"

"उभं राहायचं."

गुरुदत्तरावांनी मनात हिशेब मांडला. आपल्याकडे मामा नवरीच्या मागे उभा राहतो, तसं काहीतरी. अंतरपाट धरावा तसं. मान मोठा, खर्च शून्य. नेमान्याकडे बघितल्यावर तर नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी हो म्हटलं आणि बुधल्याला ओठ लावून अर्धा तास खोकले.

पुढे निमंत्रणपत्रिका आली. तिच्यावर छापलं होतं: तुमची उपस्थिती हीच आमची भेट. मंडळाच्या निम्म्या लग्नपत्रिकांवर हेच असतं, आणि गुरुदत्तरावांना छापील शब्दाबद्दल आदर होता.

"काही द्यायचं नाही असं लिहिलंय."

"अहो, तसं लिहायचं असतं," रत्नाताई म्हणाल्या. "लिहिलं म्हणून कुणी हात हलवत जातं का? घरचं पोर आहे. पाचशे एक द्या. हौसेला मोल नसतं."

"पाकिटाला असतं," असं म्हणून त्यांनी पाचशे एक मान्य केले.

लग्नाच्या आठवड्यात मिनिआपोलिसहून राधिकाचा फोन आला. ती तिथे फिजिओथेरपिस्ट आहे.

"बाबा, मी ऑनलाइन रीड केलं. किड्स विल चेस यू. दे यल, 'कुम, तुझी थैली जळतेय!' देन यू थ्रो मनी."

"फेकायचे? पैसे?"

"कॉइन्स. इट्स अ थिंग."

"किती?"

"बाबा, इट्स नॉट अ बजेट आयटम."

"प्रत्येक गोष्ट बजेट आयटम असते, बाळा."

पण या वेळी त्यांना अडचण वाटली नाही, उलट समाधान वाटलं. तळघरात चोवीस वर्षांची सुटी नाणी बरणीत साठलेली होती. सरकार आता एक सेंटचं नाणं पाडणं थांबवणार, अशी बातमी मेमध्ये आल्यापासून त्या पेनींचं काय करावं हा विचार त्यांना छळत होता. दोन संध्याकाळी बसून त्यांनी पेनी धुतल्या, पुसल्या आणि पिशवीत भरल्या. पाचशे नाणी. नाणं लहान, पण आवाज भरपूर. खर्च पाच डॉलर. इतक्या कमी खर्चात इतका मोठा विधी आपण पार पाडणार, याचा त्यांना खरोखर अभिमान वाटला.

हॉल नदीकाठी होता. आत शिरताच गुरुदत्तरावांचे पाय जागच्या जागी थांबले. छताला झुंबरं. प्रत्येक टेबलावर फुलांचा मनोरा, एवढा उंच की समोरचा माणूस दिसू नये. एका कोपऱ्यात बर्फात कोरलेला दोन डोक्यांचा गरुड, खाली परात ठेवलेली, कारण गरुड ठिबकत होता. चार ट्रम्पेट, एक ॲकॉर्डियन, एक ढोल. ॲकॉर्डियनवाल्याच्या घामेजल्या कपाळावर कुणीतरी वीस डॉलरची नोट चिकटवली होती आणि तो ती न पुसता वाजवत होता. ब्रांकोचं कर-विवरणपत्र गेली अकरा वर्षं गुरुदत्तराव भरून देत असत. त्यामुळे या हॉलमध्ये त्यांना जे दिसत होतं ते आणखी कुणालाच दिसत नव्हतं: गरुड म्हणजे एका ट्रकचे दोन हप्ते, फुलं म्हणजे तीन.

नवऱ्याशेजारी उभं राहण्याचं काम त्यांनी चोख केलं. नवरी क्रिस्टन, मिनेसोटाचीच. तिने वाकून रत्नाताईंना नमस्कार केला. नेमान्याने शिकवलं होतं. सही झाली, टाळ्या झाल्या, आणि दारातून बाहेर पडताच पंधरा-वीस पोरांचा घोळका मागे लागला.

"कुम! तुझी थैली जळतेय! कुम! तुझी थैली जळतेय!"

गुरुदत्तरावांनी पिशवीत हात घातला आणि एखाद्या राजासारखी मूठ उधळली. फरशीवर छान खणखणाट झाला. पोरं झेपावली. मग थबकली. लेसचा फ्रॉक घातलेल्या एका मुलीने नाणं उचलून उजेडात धरलं.

"दीज आर पेनीज."

"ही थ्रू पेनीज!" दुसऱ्याने ओरडून सगळ्या हॉलला कळवलं.

बारा वर्षांचा एक मुलगा समजूतदारपणे पुढे आला आणि त्याने फोन वर धरला. "यू कॅन जस्ट सेंड इट, सर."

मोठी माणसं हसली. सगळ्यात मोठ्याने हसला तो रादोये. हा ब्रांकोचा मेहुणा, शिकागोचा. अकरा ट्रक, गळ्यात साखळी, आणि आज संध्याकाळचा माईक त्याच्या हातात. कुम होण्याची त्याची इच्छा होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"काय कुम," तो माईकवरून इंग्रजीत म्हणाला, "थैली जळाली की नुसता धूर निघाला?"

नेमान्या मध्ये आला. त्याने खाली वाकून एक पेनी उचलली, कोटाच्या वरच्या खिशात ठेवली आणि मराठीत म्हणाला, "गुरुकाका, छान आहे. मी ठेवतो." मग त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मात्र गुरुदत्तरावांना पेनीपेक्षा जड लागला. आपण चुकलो, आणि किंमत पोराने मोजली, हे त्यांना कळलं.

जेवण झालं. म्हणजे चौथा पदार्थ झाला आणि पाचवा यायचा होता. शाकाहारी म्हणून उकिडव्यांना प्रत्येक फेरीत बटाटा मिळत होता, दर वेळी वेगळ्या आकाराचा. तेवढ्यात रादोयेने माईकवर फुंकर मारली. आता भेटी. एकेक पाहुणा उठणार, पाकीट देणार, आणि रादोये आकडा मोठ्याने सांगणार.

"माईकवर?" रत्नाताई कुजबुजल्या. "अगदी आपल्या गावाकडच्या आहेरासारखं! 'भोसले पाहुण्यांकडून एकशे एक, टॉवेल-टोपी!' किती वर्षांनी!" त्या खुर्चीत सरसावून बसल्या.

"उपस्थिती हीच भेट असं छापलं होतं," गुरुदत्तराव क्षीण आवाजात म्हणाले.

"बाबा," राधिका म्हणाली, "नोबडी टोल्ड मी अबाउट द माइक."

पहिला आकडा आला: एक हजार. ट्रम्पेट वाजले. मग दीड हजार. दोन हजार. नवरीचे वडील मिनेसोटाचे, म्हणजे मुळात मितभाषी. त्यांनी आकडा इतक्या हळू सांगितला की तो माईकलाही ऐकू गेला नाही. रादोयेने स्वतःचं पाकीट स्वतःच जाहीर केलं: "तीन हजार! मामाकडून!" आणि बँडला हाताने खूण करून आणखी एकदा वाजवायला लावलं. कुमची पाळी सगळ्यात शेवटी आणि त्याचा आकडा सगळ्यात मोठा, ही रीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी गुरुदत्तरावांना प्रेमाने समजावून सांगितली. त्यांनी पुन्हा छातीवर हात नेला. या वेळी खरंच थोडं दुखत होतं.

ब्रांकोने लांबून डोळ्यांनी खुणावलं. दोघं बाथरूमच्या वाटेवरच्या बोळात भेटले. ब्रांकोने एक फिकट निळं पाकीट त्यांच्या हातात कोंबलं.

"हे घे. पाच हजार. तुझे म्हणून सांग."

"माझे नाहीत."

"आता तुझ्या हातात आहेत की नाही?"

गुरुदत्तराव पाकिटाकडे बघत राहिले. असंच निळं, कबुतर छापलेलं पाकीट त्यांनी आज चार वेळा पाहिलं होतं.

"ब्रांको, हे मी मुलाला देणार. मुलाचं ते तुझंच. या खिशातून त्या खिशात. याला आम्ही काँट्रा एंट्री म्हणतो. याने संपत्ती वाढत नाही."

"आवाज वाढतो," ब्रांको म्हणाला.

"आणखी कुणाला दिली आहेस अशी पाकिटं?"

"चौघांना. फक्त चौघांना."

"रादोयेला?"

ब्रांकोने वर बघितलं. "ते झुंबर इटलीचं आहे," तो म्हणाला.

मग त्याचा चेहरा पडला. "गुरू, ऐक. रादोयेने मला सांगितलं होतं, परका माणूस कुम करू नकोस, तो दोन सेंट घेऊन येईल. मगाशी तू खरंच सेंट फेकलेस! आता आकडाही लहान निघाला, तर ते मला हसणार नाहीत. नेमान्याला हसतील. कुम त्याने निवडला. सोमवारपर्यंत शिकागोला कळेल, मंगळवारी नीशला. जन्मभर म्हणतील, याच्या लग्नात भिकारी उभा होता. एक आकडा तर बोलायचा आहे. तुझा एक पैसा जाणार नाही."

ते खरं होतं, आणि तीच अडचण होती. गुरुदत्तरावांनी चाळीस वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती. मंडळाच्या हिशेबात एकदा अडीच डॉलर जुळेनात, तर त्यांनी दिवाळीचा कार्यक्रम संपेपर्यंत स्टेजमागे बसून ते शोधले होते. पण तेव्हा समोर कुणाचा चेहरा नव्हता. इथे होता, आणि तो नऊ वर्षांचा असताना शेजारच्या दारात निळा पडून उभा राहिलेला होता.

ते हॉलमध्ये परतले तेव्हा डाव्या खिशात पाच हजार होते आणि उजव्या खिशात पाचशे एक.

"कुठे गेला होतात?" रत्नाताईंनी विचारलं. "चेहरा का असा झालाय?"

त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

"पोराने मला कधी किती वाढलं ते विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाढा एवढंच म्हणायचा. जा तुम्ही."

तेवढ्यात रादोये गरजला, "आणि आता... कुम!"

सगळा हॉल वळला. ढोलवाल्याने काठी उचलून तयार धरली. गुरुदत्तराव टेबलांच्या मधून चालत गेले. नेमान्या त्यांच्याकडे बघून हसला. त्याच्या वरच्या खिशात ती पेनी होती. गुरुदत्तरावांनी उजव्या खिशात हात घातला.

रादोयेने पाकीट घेतलं, कुंकवाच्या बोटाकडे संशयाने पाहिलं, आकडा विचारला आणि ऐकून त्याच्या मिशीचं एक टोक वर गेलं.

"पाचशे," तो सावकाश म्हणाला. "आणि एक." ढोलवाल्याची काठी तशीच हवेत राहिली. कुठेतरी खुर्ची सरकली. "पाचशे आणि एक! हा एक कशासाठी, कुम? पार्किंगचा का?"

शिकागोच्या टेबलांवर हशा पिकला. ब्रांको फुलांच्या मनोऱ्यामागे दिसेनासा झाला.

गुरुदत्तरावांनी आयुष्यात माईकवर फक्त वार्षिक ताळेबंद वाचला होता. त्यांनी त्याच आवाजात उत्तर दिलं.

"आमच्याकडे आहेर कधी पूर्ण आकड्यात देत नाहीत. पाचशे म्हणजे दिले, घेतले, खातं बंद. म्हणून वर एक ठेवायचा. तो एक म्हणजे हिशेब अजून संपला नाही, पुढच्या पानावर न्यायचा आहे. मला या मुलाबरोबरचं खातं बंद करायचं नाही. एवढंच. धन्यवाद."

ते परत जायला वळले. रादोयेला आता ते सर्बियनमध्ये सांगणं भाग होतं, कारण म्हाताऱ्या मंडळींनी कानाला हात लावले होते. त्याने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज थोडा उतरला.

पुढच्या टेबलावरून देसांका आजी काठी टेकत उठली. ती जे बोलली ते नेमान्याने नंतर उकिडव्यांना समजावलं. ती म्हणाली: "माझ्या नवऱ्याच्या पासबुकात शेवटी नुसती शून्यं होती. एका नोटेवर तर अकरा शून्यं होती, मी स्वतः मोजली. आज संध्याकाळपासूनही मी शून्यंच ऐकतेय. शेवटी एक ठेवणारा हा पहिला माणूस." मग तिने मोज्यातून शंभराच्या दोन नोटा काढल्या. नातवाला द्यायच्या म्हणून ठेवलेल्या. "दोनशे," ती म्हणाली. आणि हात पुढे केला. "मला एक पाहिजे."

ब्रांकोने खिसे चाचपले. शंभराच्या होत्या, वीसच्या होत्या. एकाची नोट नव्हती. रादोयेच्या पैशाच्या क्लिपमध्ये नव्हती. अख्ख्या हॉलमध्ये, जिथे कपाळावर वीसची नोट चिकटवत होते, तिथे एक डॉलर कुणाकडे नव्हता.

रत्नाताई उभ्या राहिल्या. त्यांनी पर्स उघडली. नवरात्रात मुलींच्या हातावर ठेवायला त्यांनी शुक्रवारीच बँकेतून कोऱ्या एक-एक डॉलरची गड्डी आणली होती. शंभर नोटा, पट्टीसकट.

"दोनशे एक!" रादोये ओरडला आणि ढोल एकदाचा वाजला.

मग जे झालं त्याला गुरुदत्तराव आजही गोंधळ म्हणतात आणि रत्नाताई सोहळा म्हणतात. आधी पाकीट देऊन बसलेले पाहुणे परत उठले. आपलं खातं बंद झालं असं कुणाला वाटू द्यायचं नव्हतं. "दीड हजार आणि एक!" "दोन हजार आणि एक!" रत्नाताईंच्या टेबलासमोर रांग लागली. त्या रांगेतले बहुतेक सगळे असे होते की ज्यांनी रांगेत पुन्हा उभं राहायचं नाही म्हणून देश सोडला होता. एका बेकरीवाल्याने सगळ्यांवर कडी करायची म्हणून दहा मागितले.

"दहा नाही," रत्नाताईंनी ठणकावलं. "अकरा चालतील. एकवीस चालतील. दहा म्हणजे परत शून्यच की हो!"

"ऐका तिचं!" आजी काठी आपटून म्हणाली.

बेकरीवाल्याने अकरा घेतले. त्याच्या मागच्याने ईर्ष्येने एकवीस. शेवटी नवरीचे वडील आले, लाजत उभे राहिले आणि इतक्या हळू 'एक' म्हणाले की रत्नाताईंनी ओठांवरून ओळखलं. पोरांच्या घोळक्यात पेनींचा भाव वधारला. मगाच्या फोनवाल्या मुलाने गुरुदत्तरावांना विचारलं, "सर, आणखी आहेत का?" होत्या.

रादोये सगळ्यात उशिरा आला. माईक त्याने बगलेत धरला होता.

"कुम," तो खाली बघत म्हणाला, "मलाही एक. तीन हजारांवर."

गुरुदत्तरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या तीन हजारांचं निळं पाकीट कुठून निघून कुठे पोहोचलं, हे त्याच्याखेरीज हॉलमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं. रत्नाताईंच्या गड्डीतली एक नोट त्यांनी स्वतः मोजून, म्हणजे दोन्ही बाजूंनी बघून, त्याच्या हातावर ठेवली.

"सकाळी देतो," रादोये म्हणाला.

"सावकाश."

पाच हजारांचं पाकीट त्यांनी केक कापताना ब्रांकोच्या खिशात परत सरकवलं. "हे हप्त्यांना ठेव," ते म्हणाले. ब्रांकोने त्यांचे दोन्ही गाल मुका घेऊन ओले केले, शपथेवर हो म्हटलं, आणि दहा मिनिटांत त्याच पाकिटातली शंभराची नोट काढून ॲकॉर्डियनवाल्याच्या कपाळावर चिकटवली. गुरुदत्तरावांनी मान फिरवली आणि उरलेला बटाटा संपवला.

रविवारी सकाळी ब्रांकोच्या अंगणात, सिंहांच्या मध्ये, सगळ्यांना नाश्ता होता. रात्रभर कुणीतरी बहुधा पेट्रोल पंपावर जाऊन मोड आणली असावी, कारण पाहुणे एकेक करून रत्नाताईंपाशी आले आणि डॉलर देऊन गेले. बेकरीवाल्याने अकराच्या जागी बारा दिले. रत्नाताईंनी एक परत केला. नवरीच्या वडिलांनी आपला डॉलर बशीखाली ठेवला आणि निघून गेले. दुपारपर्यंत गड्डी एक नोट कमी, एवढी भरली. शिकागोच्या गाड्या तोवर निघून गेल्या होत्या.

नोव्हेंबरात सिंहांच्या नाकापर्यंत बर्फ आला. नेमान्या आणि क्रिस्टन दर बुधवारी वरणभाताला येतात. क्रिस्टनला आता तूप जास्त लागतं. नाताळात रादोयेचा फोन आला होता. तो ख्यालीखुशालीचं बोलला, ट्रकच्या घसाऱ्याबद्दल एक प्रश्न विचारला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न आहे, कुमने यायलाच हवं, असं बजावून त्याने फोन ठेवला. डॉलरचा विषय त्याने काढला नाही. गुरुदत्तरावांनीही काढला नाही.

रादोये यांच्याकडून एक डॉलर येणे आहे.